देवाची शिस्त आणि आपलं दुःख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजारपण, नोकरी जाणं, घरातला मृत्यू, छळ अशा काळात पाळकांकडे आणि बायबल अभ्यासगटांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सुटी सुटी वाचता येतील. दिलेला संदर्भ मात्र बायबल उघडून, मागच्यापुढच्या ओळींसकट वाचावा. निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.

१. देव आपल्या लेकरांना शिस्त लावतो, हे शास्त्रात नेमकं कुठे आहे?

मुख्य उतारा इब्री १२:५-११. त्यात नीतिसूत्रे ३:११-१२ मधलं वचन घेतलं आहे: प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्यालाच शिस्त लावतो, जसा बाप आपल्या लाडक्या मुलाला. त्याच्याही मागे अनुवाद ८:२-५ आहे. तिथे रानातली ४० वर्षं, भूक आणि मान्ना (रानात देवाने दिलेलं अन्न) यांकडे इस्राएलाने बापाच्या शिकवणीसारखं पाहावं, असं सांगितलंय. नव्या करारात प्रकटीकरण ३:१९ मध्ये येशू लावदिकीयाच्या कोमट मंडळीला हेच ऐकवतो.

इब्री पत्राचे पहिले वाचक कोण होते, हे बहुतेक वेळा नजरेतून सुटतं. १०:३२-३४ प्रमाणे त्यांची भर लोकांत निंदा झाली होती, मालमत्ता लुटली गेली होती, त्यांच्यातले काही तुरुंगात होते. हे सगळं विश्वास धरल्यामुळे घडलं. त्यांच्या एखाद्या पापामुळे घडलं असं पत्रात कुठेही म्हटलेलं नाही. "तुझं काहीतरी चुकलं असेल, म्हणून देव शिस्त लावतोय" हे वाक्य या उताऱ्याच्या नावावर खपवलं जातं, पण उताऱ्यात ते नाही.

२. मग शिस्त आणि पापाचा दंड यांत फरक काय? दुखतं तर दोन्हीकडे.

दुखतं हे खरं, आणि इब्री १२:११ तेच मान्य करतं: कोणतीही शिस्त त्या वेळी आनंदाची वाटत नाही, दुःखाचीच वाटते. फरक हेतूत आहे. दंड झालेल्या गुन्ह्याचा हिशेब चुकता करतो. शिस्त पुढे पाहते. "आपण त्याच्या पवित्रतेचे वाटेकरी व्हावं" हा तिचा हेतू १२:१० मध्ये दिलाय. दंडाचा भाग ख्रिस्ताने वधस्तंभावर उचलला (यशया ५३:५), म्हणून ख्रिस्तात असणाऱ्यांना दंडाज्ञा नाही (रोमकरांस ८:१).

रोजच्या बोलण्यात ही गल्लत सहज पकडता येते. "हे भोगून झालं की देव मला पुन्हा जवळ करील" असं मनात येत असेल, तर तुम्ही दंडाचा विचार करताय, शिस्तीचा नाही. बापाने जवळ केलेलंच असतं, म्हणून तर तो शिस्त लावतो. या मुद्द्यावर कॅथलिक मांडणी थोडी वेगळी आहे. प्रश्न १३ पाहा.

३. प्रत्येक संकट ही देवाची शिस्तच असते का?

संकट कशामुळे आलं आणि देव त्याचा कशासाठी उपयोग करतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते एकमेकांत मिसळले की या विषयात बहुतेक घोळ होतात.

कारणं शास्त्रात बरीच दिसतात. सगळी सृष्टीच कण्हते आहे (रोमकरांस ८:२०-२२), त्यामुळे आजार आणि म्हातारपण कोणाला चुकत नाही. योसेफाला भावांनी विकलं; तो त्यांचा गुन्हा होता. स्वतः पेरलेलं उगवतं (गलतीकरांस ६:७). ईयोबाची परीक्षा झाली, आणि ती तो नीतिमान होता म्हणून. जन्मापासून आंधळ्या माणसाबद्दल येशूने "याने पाप केलं नाही, याच्या आईबापांनीही नाही" असं स्पष्ट सांगितलं (योहान ९:३). पौलाच्या देहातला काटा (त्याला सतत छळणारा एक त्रास) तर मागच्या चुकीसाठी नव्हताच; पुढे गर्व चढू नये म्हणून होता (२ करिंथकरांस १२:७).

कारण यांपैकी कोणतंही असलं, तरी देव त्या संकटातून आपल्याला घडवू शकतो. इब्री १२:७ ("शिस्त म्हणून सहन करा") त्या अर्थी लागू होतं. पण म्हणून गुन्हा करणाऱ्याचा गुन्हा सौम्य होत नाही. योसेफ भावांना म्हणाला, तुम्ही वाईट योजलं, देवाने त्यातून चांगलं योजलं (उत्पत्ती ५०:२०). त्याने दोन्ही वाक्यं उच्चारली, पहिलं गाळलं नाही.

४. माझ्याच एखाद्या पापामुळे हे झालंय का, हे कसं ओळखायचं?

एकदा, शांतपणे, ठरवून तपासा; रोज नव्हे. पद्धत अशी ठेवता येते.

अर्धा-एक तास वेगळा काढा. स्तोत्र १३९:२३-२४ प्रार्थना म्हणून वाचा. मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: संकट येण्याच्या आधीपासून मन ज्याबद्दल टोचत होतं आणि मी टाळत होतो, असं काही आहे का? बहुतेकदा खरं उत्तर आधीपासून माहीत असतं. संदेष्टा नाथान दावीद राजाकडे आला तेव्हा त्याने कोडं घालून सोडून दिलं नाही. पाप कोणतं ते नाव घेऊन सांगितलं (२ शमुवेल १२:७-९). पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा तो नेमका असतो आणि परतीची वाट सोबत असते. "तुझं सगळंच वाईट आहे" अशी धूसर, गुदमरवणारी भावना म्हणजे देवाने दाखवलेला दोष नव्हे.

काही सापडलं तर ते कबूल करा (१ योहान १:९) आणि ज्याचं नुकसान केलं त्याची भरपाई करा. मोशेच्या नियमशास्त्रात मूळ रकमेवर आणखी एक पंचमांश द्यायचा होता (गणना ५:७). जक्कयाने स्वतःहून चौपट देऊ केलं (लूक १९:८). आकडा हा नियम म्हणून लागू करायचा नाही, पण कबुली तोंडापुरती नसावी हे त्यातून कळतं. कबुलीनंतर संकट लगेच टळेलच असं नाही. दावीदाला क्षमा त्याच क्षणी मिळाली, पण घरातले परिणाम वर्षानुवर्षं चालले.

काही सापडलं नाही, तर थांबा. मित्रांनी कितीही दबाव आणला तरी ईयोबाने नसलेलं पाप कबूल केलं नाही, आणि शेवटी देवाने मित्रांनाच चुकीचं ठरवलं (ईयोब ४२:७).

लोक चुकतात ते असे: तारखा जुळवणं ("दशांश दिला नाही त्याच महिन्यात अपघात झाला"), स्वप्नांचे अर्थ काढणं, बालपणापर्यंत उकरत जाणं, आणि सुटका होईल या आशेने मनाने पापं रचून कबूल करणं. ही तपासणी थांबवताच येत नसेल, एकच कबुली पुन्हा पुन्हा द्यावीशी वाटत असेल, तर पाळकाशी आणि मानसोपचारतज्ज्ञाशी, दोघांशीही बोला. तो आजार असू शकतो, आणि आणखी आत्मपरीक्षणाने तो वाढतो.

५. देव दुःख स्वतः पाठवतो, की फक्त येऊ देतो?

ख्रिस्ती परंपरांमध्ये यावर एकमत नाही. रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या शिकवणीतून आलेली प्रोटेस्टंट) परंपरा देवाच्या सार्वभौम योजनेवर भर देते, तर बाकी अनेक जण "परवानगी" हा शब्द पसंत करतात. शास्त्र मात्र दोन्ही टोकं धरून ठेवतं. देव कोणाला वाइटाच्या मोहात पाडत नाही (याकोब १:१३), तो मनापासून माणसांना दुःख देत नाही (विलापगीत ३:३३), आणि तरीही कोणतंही दुःख त्याच्या हाताबाहेर नाही. पौलाचा काटा "सैतानाचा दूत" होता, आणि त्याच काट्याने देवाचं काम केलं. वधस्तंभाबद्दल प्रेषितांची कृत्ये २:२३ एकाच वाक्यात देवाची योजना आणि माणसांचं दुष्कृत्य दोन्ही सांगतं. यापलीकडे कोणी सगळं उलगडून देतो म्हणत असेल, तर जरा जपून ऐकावं.

६. आमचं बाळ गेलं. दावीदाचं बाळ त्याच्या पापामुळे गेलं होतं ना? मग आमचं?

नाही, ती घटना तुमच्यावर लावू नका आणि कोणाला लावू देऊ नका. तिथे कारण आणि परिणाम यांचा संबंध देवाने संदेष्ट्याच्या तोंडून स्वतः सांगितला होता (२ शमुवेल १२:१४). असं प्रकटीकरण नसताना तोच संबंध जोडणं म्हणजे देवाने न सांगितलेलं त्याच्या नावाने सांगणं. सर्वसाधारण नियम यहेज्केल १८:२० मध्ये आहे: बापाच्या पापाचा भार मुलावर नाही. शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले, तेव्हा ते यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त दोषी होते का, या विचाराला येशूने स्वतः "नाही" म्हटलं (लूक १३:४-५).

अंत्यविधीच्या वेळी २ शमुवेल १२ वर बोलायचं टाळावं, असं पाळकांनाही सुचवावंसं वाटतं. हेतू चांगला असला तरी आईला त्यातलं एकच वाक्य ऐकू जातं.

७. उपचार घेणं म्हणजे देवाच्या शिस्तीतून पळ काढणं नाही का?

नाही. सहन करणं म्हणजे उपाय नाकारणं नव्हे. इब्री १२ मध्ये शिस्तीच्या उताऱ्याला लागूनच, १२-१३ व्या वचनांत, गळालेले हात आणि लटपटणारे गुडघे सावरा, लंगडं पाऊल उखळू नये तर बरं व्हावं, असं सांगितलंय. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (१ तीमथ्य ५:२३), त्याच्यासोबतचा लूक वैद्य होता (कलस्सैकरांस ४:१४), आणि सोबती त्रफिम आजारी होता तेव्हा त्याला त्याने मिलेतात मागे ठेवलं. फटकारलं नाही (२ तीमथ्य ४:२०). याकोब ५:१४ वडीलमंडळींना बोलावून प्रार्थना करायला सांगतं, पण औषध बंद करायला कुठेही सांगत नाही.

नैराश्यालाही हेच लागू. एलिया मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवाने आधी त्याला झोपू दिलं, दोनदा खाऊ-पिऊ घातलं, आणि बोलणं नंतर केलं (१ राजे १९:४-८). आत्महत्येचे विचार येत असतील तर आजच कोणाला तरी सांगा आणि डॉक्टर गाठा.

८. नवरा मारहाण करतो. मंडळीतले म्हणतात, "देव तुला घडवतोय, सहन कर." हे बरोबर आहे का?

बरोबर नाही. इब्री १२ मध्ये शिस्त लावणारा देव आहे. एका माणसाने दुसऱ्याला मारण्याचा परवाना तिथे नाही. पतींना आज्ञा आहे ती पत्नीवर प्रीती करण्याची, तिच्याशी निष्ठुरतेने न वागण्याची (कलस्सैकरांस ३:१९). मारणारा पाप करतोय, आणि देव त्यातूनही पीडितेला सांभाळू शकतो म्हणून ते पाप शिस्त ठरत नाही (प्रश्न ३).

शास्त्रातली विश्वासू माणसं धोक्यापासून दूर गेली. शौलाने भाला फेकला तेव्हा दावीद निसटला (१ शमुवेल १९:१०). येशूने शिष्यांना एका गावात छळ झाला तर दुसऱ्यात पळून जायला सांगितलं (मत्तय १०:२३). पौलाने फटके बसण्याआधी आपल्या रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला (प्रेषितांची कृत्ये २२:२५). तेव्हा सुरक्षित ठिकाणी जाणं, पोलिसांत तक्रार करणं, जखमांची वैद्यकीय नोंद करणं यांत अविश्वास काही नाही. अधिकारी वाईट करणाऱ्याला आवर घालण्यासाठीच नेमलेले आहेत (रोमकरांस १३:४). क्षमा करणं आणि त्याच घरात परत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंडळीने सल्ला द्यायचाच असेल तर आधी मारणाऱ्याला द्यावा. मुलांवरचा अत्याचार आणि कामाच्या जागी होणारं शोषण यांनाही हेच उत्तर.

९. रडलो, देवाला जाब विचारला, तर ते शिस्तीचा अनादर करणं होतं का?

इब्री १२:५ दोन चुका सांगतं: शिस्त तुच्छ लेखणं आणि खचून जाणं. पहिलीत माणूस "मला काही फरक पडत नाही" म्हणत दगड होतो. दुसरीत आशाच सोडतो. रडणं या दोन्हींत बसत नाही. स्तोत्र १३ चार वेळा "किती काळ?" विचारतं. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. येशूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली (मार्क १४:३६). देवाशी भांडणारा अजून देवाशी बोलतो आहे. जपायचं ते कडूपणाच्या मुळापासून (इब्री १२:१५), आणि तो बहुधा न बोललेल्या तक्रारीतून वाढतो.

१०. माझे वडील फार क्रूर होते. "बापासारखी शिस्त" ऐकलं की अंगावर काटा येतो.

इब्री १२:१० मध्येच पृथ्वीवरच्या बापांची मर्यादा लिहिली आहे: त्यांनी थोडे दिवस, त्यांना बरं वाटलं तसं वळण लावलं. ते कधी चुकत, कधी आपलाच राग काढत. देव "आपल्या हितासाठी" करतो. तुलनेत बदलायची बाजू कोणती, हे तिथून कळतं: वडिलांवरून देव ओळखायचा नाही, देवावरून वडिलांना मोजायचं. मुलांना चिडवू नका, ती खिन्न होतील, ही आज्ञा बापांनाच दिली आहे (कलस्सैकरांस ३:२१), म्हणजे तुमच्यावर झालं ते देवाच्या लेखीही चूकच होतं. काही काळ हा उतारा बाजूला ठेवून यशया ४९:१५ किंवा लूक १५ वाचलंत, तरी काही बिघडत नाही.

११. माझं सगळं सुरळीत चाललंय. इब्री १२:८ म्हणतं, शिस्त नसेल तर तुम्ही खरी मुलं नाही. मग मी देवाचं मूल नाही का?

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा जास्त जण विचारतात. शिस्त म्हणजे फक्त मोठं संकट नव्हे. शास्त्रवचन स्वतः दोष दाखवतं, सुधारतं, नीतीचं शिक्षण देतं (२ तीमथ्य ३:१६). एखादं प्रवचन टोचणं, मित्राने कान उपटणं, मनासारखं न होणं, हीही शिस्तच. सुखाचे दिवस आभार मानून घ्या; संकट शोधत फिरायची गरज नाही. उलट, सुखात असलेल्या दुष्टांचा हेवा वाटत असेल तर स्तोत्र ७३ पूर्ण वाचा, विशेषतः १७ व्या वचनानंतर.

१२. दुःखात असलेल्या माणसाला भेटायला जाताना काय बोलावं? इब्री १२ वाचून दाखवावं का?

पहिल्या भेटीत वाचू नये. ईयोबाचे मित्र ७ दिवस ७ रात्री गप्प बसले तोवर ठीक होते (ईयोब २:१३). तोंड उघडलं आणि बिनसलं. हा उतारा दुःखी माणसाने स्वतः हातात घ्यायचा आहे, बाहेरच्याने त्याच्यावर लावायचा नाही.

जा, थोडा वेळ बसा, नेमकी मदत विचारा: दवाखान्यात कोणी सोबत हवं का, मुलांना शाळेत कोण सोडणार, बिल भरायचं राहिलंय का. प्रार्थना विचारून करा, दोन मिनिटांची, आणि तिच्यात उपदेश घुसवू नका. "देवाची काहीतरी योजना असेल", "तुझ्यापेक्षा वाईट अवस्थेत लोक आहेत", "विश्वास कमी पडला असेल" ही तीन वाक्यं घरीच ठेवून जा. त्याने स्वतः "देव मला काय शिकवतोय?" असं विचारलं, तर बोला, आणि तेव्हाही आधी त्याचं ऐका. एखाद्याचं उघड, ठाऊक असलेलं पाप खरंच समोर असेल, तर गलतीकरांस ६:१ प्रमाणे सौम्यतेने, एकांतात, आणि शक्यतो दुःखाचा पहिला भर ओसरल्यावर.

१३. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शिकवण इथे वेगळी आहे का?

थोडी. कॅथलिक शिकवणीत क्षमा झाल्यावरही पापाचे ऐहिक परिणाम उरतात, आणि संकटं धीराने सोसणं हा त्यातून शुद्ध होण्याचा एक मार्ग मानला जातो. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५५१ मध्ये हे मांडलं. मात्र हे परिणाम म्हणजे देवाने बाहेरून घेतलेला सूड नव्हे, ते पापाच्या स्वरूपातूनच येतात, असं कॅथलिक धर्मशिक्षण (परिच्छेद १४७२) स्पष्ट सांगतं. प्रोटेस्टंट सुधारकांनी, विशेषतः कॅल्विनने, न्यायाधीशाचा दंड आणि बापाची शिस्त यांत ठळक रेषा ओढली आणि विश्वासणाऱ्याच्या दुःखात पापाची भरपाई मानायला नकार दिला. देव प्रीतीने वागतो आणि दुःखी माणसाला दोषी ठरवायची घाई करू नये, यावर दोघांचं दुमत नाही.

१४. करिंथमध्ये काही जण आजारी पडले, काही मेले. तीही "प्रेमाची शिस्त" म्हणायची?

हा सगळ्यात अवघड उतारा आहे (१ करिंथकरांस ११:२७-३२), आणि त्याला गुळगुळीत करू नये. प्रभुभोजनाच्या वेळी श्रीमंत आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, यावरून पौल हे लिहितो. पण ३२ वं वचन वाचा: जगाबरोबर आपल्याला दंड होऊ नये, म्हणून प्रभू आपल्याला शिस्त लावतो. म्हणजे तिथेही शिस्त दंडापासून वाचवण्यासाठी आहे. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हे निदान प्रेषिताने केलं, शेजाऱ्याने नाही. आणि त्याने एकाही व्यक्तीकडे बोट दाखवलं नाही. प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी असं सांगितलं. उलट पौलाचा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारी गेला, तेव्हा पौलाने कारण दिलं ते ख्रिस्ताचं काम (फिलिप्पैकरांस २:३०).

१५. वर्षं झाली, मला काहीच फळ दिसत नाही. मी नापास झालो का?

इब्री १२:११ मध्ये फळ "नंतर" येतं, आणि ते किती नंतर हे सांगितलेलं नाही. शिवाय ते संकटाने आपोआप येत नाही. त्यातून "वळण लागलेल्यांना" येतं. आमोस ४:६-११ मध्ये दुष्काळ, पीक जळणं, रोगराई असं एकामागून एक येतं आणि पाच वेळा तेच शब्द: तरी तुम्ही माझ्याकडे वळला नाहीत. तेव्हा मोठं, चमकदार फळ शोधण्याऐवजी दिशा पाहा. प्रार्थना तुटक का होईना, चालू आहे का? दुसऱ्याच्या दुःखाची पूर्वीपेक्षा जास्त कणव येते का? एखादी जुनी सवय सैल झाली का? हे स्वतःला दिसत नसेल तर जवळच्या माणसाला विचारा. बदल बाहेरून आधी दिसतो. आणि काहीच दिसलं नाही तरी २ करिंथकरांस १२:९ मध्ये पौलाला मिळालेलं उत्तर निकाल नव्हता, पुरेशा कृपेचं वचन होतं. काटा त्यानंतरही गेला असं कुठे लिहिलेलं नाही.

१६. शिस्त जर हिताची, तर देवाकडे दुःख मागावं का? स्वतःला त्रास करून घ्यावा का?

मागू नये. येशूने शिकवलेली प्रार्थना "आम्हांला परीक्षेत आणू नको" अशी आहे. पौलाने काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. देहाला कष्ट देणारे, माणसाने मनाने ठरवलेले नियम शहाणपणाचे भासतात, पण वासना आवरायला निरुपयोगी असतात, असं कलस्सैकरांस २:२३ म्हणतं. उपास हा निराळा विषय आहे: तो प्रार्थनेसाठी, ठरावीक वेळेपुरता, झेपेल तितकाच. मधुमेह असेल, गरोदरपण असेल किंवा खाण्याशी संबंधित मानसिक आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोही करू नये.